कच्छच्या आखाताचे पाणी वर्षभर कसे मोजावे: तापमान, क्षारता आणि थर

कच्छच्या आखातात होडी नेली, एका ठिकाणी क्षारता मोजली आणि तो आकडा ‘मार्च महिन्याची क्षारता’ म्हणून वहीत लिहिला, तर त्या नोंदीचा पुढे फारसा उपयोग होत नाही. आखाताच्या मधल्या भागात भरती-ओहोटीचा प्रवाह ताशी तीन सागरी मैलांपर्यंत, उधाणाला त्याहूनही जास्त धावतो. तीन सागरी मैल म्हणजे सेकंदाला साधारण दीड मीटर. भरती-ओहोटीचे एक चक्र १२ तास २५ मिनिटांचे, म्हणजे सुमारे ४४,७०० सेकंदांचे. वेगाला या सेकंदांनी गुणून ३.१४ ने भागले की पाणी एका भरतीत किती सरकते ते कळते: जवळपास २१ किलोमीटर. आखाताची लांबी १७० किलोमीटरच्या आसपास आहे. मुखाशी क्षारता ३६ (म्हणजे किलोभर पाण्यात साधारण तेवढे ग्रॅम क्षार) आणि शेवटच्या टोकाला ४० धरली, तर २१ किलोमीटरच्या सरकण्याने तुमच्या होडीखालची क्षारता अर्ध्या एककाने बदलते. ऋतू बदलला नाही, पाऊस पडला नाही, फक्त सहा तास गेले.

म्हणून या लेखातला सगळा भर एका गोष्टीवर आहे: दर महिन्याची मोजणी भरतीच्या त्याच टप्प्यावर करायची. उपकरण साधे असले तरी चालेल, पण ही शिस्त मोडली तर महागडे उपकरणही वाया जाते.

आधी आखाताचा स्वभाव

बहुतेक खाड्यांत आतल्या बाजूला नदीचे गोडे पाणी आणि बाहेर खारे, असा क्रम असतो. कच्छचे आखात उलटे आहे. इथे वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट होते. बारमाही मोठी नदी येऊन मिळत नाही. त्यामुळे ओख्याकडून नवलखी-कांडल्याकडे जाल तसे पाणी जास्त खारे होत जाते. मुखाशी क्षारता साधारण ३५ ते ३७, शेवटाकडे ४० आणि उन्हाळ्यात काही खाड्यांत त्याहून वर. मिठागरांच्या जवळ तर आणखी.

खोलीही तशीच बदलते. मुखाशी ती साठ मीटरपर्यंत जाते, शेवटाकडे वीस मीटरच्या आत येते आणि पुढे चिखलाचे सपाट पट्टे आणि तिवरांचे जंगल. भरतीची उंची मात्र आत वाढत जाते: ओख्याला उधाणाच्या दिवशी तीन मीटरच्या वर, तर कांडला-नवलखीकडे सहा मीटरच्या आसपास. उथळ जागेतून एवढे पाणी रोज दोनदा आत-बाहेर होते, तेव्हा तळाच्या घर्षणाने पाणी ढवळून निघते. वर हलके आणि खाली जड पाणी असे थर टिकत नाहीत ते यामुळे. पण ‘टिकत नाहीत’ याचा अर्थ ‘कधीच बनत नाहीत’ असा घेऊ नका. ते केव्हा बनतात हे पकडणे हाच या मोजणीतला खरा रस आहे.

ठिकाणे आणि वेळ

आखाताच्या मध्यरेषेवर पाच ठिकाणे घ्या: ओख्याच्या पश्चिमेला मोकळ्या समुद्रात एक, मांडवी आणि सलाया यांच्यामध्ये दुसरे, मुंद्रा आणि सिक्का यांच्यामध्ये तिसरे, जोडियाच्या उत्तरेला चौथे आणि नवलखीच्या बाहेर पाचवे. तीनच जमणार असतील तर पहिले, तिसरे आणि पाचवे ठेवा. वीज प्रकल्पांचे गरम पाणी जिथे सोडले जाते तिथून आणि मिठागरांच्या नाल्यांपासून लांब राहा, नाहीतर तुम्ही आखात न मोजता तो नाला मोजाल. दक्षिण किनाऱ्याचा बराच भाग सागरी अभयारण्य (१९८०) आणि सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८२) यात येतो. तिथे वन विभागाची परवानगी लागते. बंदरांच्या हद्दीत बंदर प्रशासनाची वेगळी लागते, आणि हा सीमेजवळचा समुद्र असल्याने होडीची व माणसांची कागदपत्रे सागरी पोलिसांसाठी जवळ ठेवा. परवानग्यांना वेळ लागतो, तेव्हा जानेवारीची मोजणी करायची असेल तर दिवाळीपूर्वीच अर्ज करा.

वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके वापरा. कोकणात तिथीच्या पाऊणपट तासांवर भरती, हा हिशेब ढोबळ मानाने जमतो, पण तो आखातात नेऊ नका. भरतीची लाट ओख्याहून आत पोचायला वेळ घेते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणासाठी जवळच्या बंदराचे कोष्टक पाहावे लागते. मोजणी पूर्ण भरतीच्या निवांत पाण्यात करा, म्हणजे प्रवाह थांबून उलटण्याच्या मधल्या वेळात. हा क्षण कोष्टकातल्या भरतीच्या वेळेशी तंतोतंत जुळेलच असे नाही. दोरीला तरंगणारा डबा बांधून पाण्यात सोडा, दोरी सैल पडली की सुरू करा. उधाणाला हा अवधी अर्ध्या तासाहून कमी मिळतो, त्यामुळे सगळी तयारी आधीच झालेली हवी.

महिन्यातून दोन फेऱ्या लागतात: एक पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाणात, दुसरी अष्टमीनंतर भांगात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा. एकच परवडत असेल तर भांगाची निवडा, कारण थर दिसण्याची शक्यता तेव्हाच. शिवाय शक्यतो सकाळी नऊच्या आत उरका. वारा पडलेल्या दुपारी वरचे एक मीटर पाणी खालच्यापेक्षा अंशभर किंवा जास्त तापते. संध्याकाळी तो फरक जातो. हा दिवसाचा खेळ आहे, ऋतूचा नाही. भांगात आणि पहाटे निवांत पाणी मिळत नसेल तर वेळेचा आग्रह सोडा, पण भरतीचा टप्पा सोडू नका, आणि पृष्ठभागाऐवजी दोन मीटर खोलीचा आकडा संदर्भ म्हणून धरा.

वर्षातून किमान दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, मधल्या ठिकाणी सलग २५ तास नांगर टाकून दर तासाला मोजा. भरतीमुळे होणारा फरक किती आणि ऋतूमुळे होणारा किती, हे वेगळे करण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

उपकरणे

सीटीडी यंत्र मिळाले तर उत्तम. ते विद्युतवाहकता, तापमान आणि दाब एकत्र नोंदवते, आणि त्यावरून क्षारता व खोली निघते. ते नसेल तर लांब केबलचा हातातला वाहकता-मापक, २० ते ३० मीटर केबल, १०० मिलिसीमेन्सपर्यंत (दर सेंटिमीटरला, हे वाहकतेचे एकक) मोजणारा. कमी मर्यादेचा घेऊ नका: ३० अंशांवर ४० क्षारतेचे पाणी ६५ मिलिसीमेन्सच्या पुढे जाते. हव्या त्या खोलीवर बंद करून पाणी वर आणण्यासाठी एक निस्किन बाटली, पाच ते दहा किलोचे शिशाचे वजन, दर मीटरला खूण केलेला दोर, आणि कोन पाहायला साधा कोनमापक.

प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता सांगणारा मत्स्यालयाचा अपवर्तनमापक स्वस्त आणि सुटसुटीत, पण या कामाला पुरत नाही. त्याची अचूकता एका एककाच्या आसपास असते आणि आपल्याला दशांश हवा. त्यातून तो मिठाच्या द्रावणासाठी आखलेला असेल तर समुद्राचे पाणी एक-दीड एककाने जास्त खारे दाखवतो.

वाहकता-मापकाचे कॅलिब्रेशन करताना बाजारात सहज मिळणारे १२.८८ मिलिसीमेन्सचे द्रावण एकटे पुरत नाही. आपले पाणी ५० ते ७०च्या घरात असते. म्हणून ५० आणि १११.८ यांतले निदान एक द्रावण हवेच. त्याहून महत्त्वाचे: मापकावर ‘२५ अंशांना समायोजित’ वाहकता दिसते की प्रत्यक्ष वाहकता, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहा. क्षारतेच्या सूत्राला प्रत्यक्ष वाहकता आणि प्रत्यक्ष तापमान लागते. ३० अंशांच्या पाण्यात समायोजित आकडा सूत्रात टाकला तर क्षारता तीन-चार एककांनी कमी निघते, आणि ‘पावसाचे गोडे पाणी शिरले’ असा खोटा निष्कर्ष बसतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक फार दिसते.

प्रत्यक्ष मोजणी

१. यंत्र पाण्याखाली एक-दोन मीटरवर दोन मिनिटे धरून ठेवा. त्याची वाहकता मोजणारी नळी गरम हवेतून आलेली असते आणि आत हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा असेल तर वाहकता कमी, म्हणून क्षारता कमी दिसते. आकडे स्थिर झाले की पृष्ठभागाच्या जवळ आणा आणि तिथून उतरवायला सुरुवात करा.

२. सीटीडी सेकंदाला अर्ध्या मीटरहून वेगाने सोडू नका. हातातल्या मापकाला दर दोन मीटरवर एक मिनिट थांबवा. तळाच्या एक मीटर वर थांबा. नळीत चिखल गेला तर पुढची सगळी ठिकाणे बिघडतात.

३. दोराचा कोन प्रत्येक थांब्यावर लिहा. २० मीटर दोर ३० अंश कलला असेल तर खरी खोली जास्तीत जास्त १७.३ मीटर. ४५ अंशांहून कोन जास्त असेल तर ती मोजणी रद्द करा आणि वजन वाढवा.

४. उतरतानाचीच नोंद वापरा. वर येताना यंत्र स्वतःच ढवळलेल्या पाण्यातून येते. वर येतानाची नोंद तुलनेपुरती ठेवा.

५. प्रत्येक ठिकाणी वर आणि तळाजवळ निस्किन बाटलीने पाणी घ्या आणि २०० ते २५० मिलीच्या काचेच्या बाटलीत भरा. त्याच पाण्याने तीनदा विसळा, खांद्यापर्यंत भरा, मान आतून-बाहेरून पुसून कोरडी करा, मग बूच आणि वर झाकण. मानेवर थेंब राहिला तर तो सुकून मिठाचे कण होतात, बूच काढताना ते आत पडतात आणि क्षारता वाढते. झाकण सैल राहिले तरी बाष्पीभवनाने तेच होते. म्हणजे बाटलीच्या हाताळणीतल्या या चुका आकडा जवळजवळ नेहमी वरच ढकलतात. यंत्रापेक्षा बाटल्या सातत्याने जास्त खाऱ्या निघत असतील, तर संशय आधी बाटल्यांवर घ्या.

६. बाटल्या प्रयोगशाळेत चोवीस तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग क्षारतामापकावर प्रमाण समुद्रजलाशी (ज्याची क्षारता नेमकी ठाऊक असते) तुलना करून मोजा. तो नसेल तर सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन करा: क्लोरिनिटी, म्हणजे पाण्यातल्या क्लोराइडचे प्रमाण, काढून तिला १.८०६५५ ने गुणले की क्षारता मिळते. हात बसलेल्या माणसाकडून हे काम चांगले होते.

एक अडचण कच्छमध्ये खास येते. व्यावहारिक क्षारतेचे, म्हणजे वाहकतेवरून काढलेल्या क्षारतेचे, सूत्र २ ते ४२ या मर्यादेतच ग्राह्य आहे. मेमध्ये आतल्या खाडीत आकडा ४२च्या वर गेला तर यंत्राने दाखवलेली किंमत तशीच छापू नका. ५० ग्रॅम नमुना आणि ५० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाणी तराजूवर मोजून मिसळा, त्याची क्षारता काढा आणि दुप्पट करा. माप वजनावर घ्या, मिलीवर नाही.

पावसाळा आणि नांगरलेले नोंदयंत्र

जून ते ऑगस्ट या काळात समुद्र खवळलेला असतो, मासेमारीबंदीमुळे होडीही मिळत नाही. तेव्हाची माहिती हवी असेल तर मेमध्येच स्वयंचलित नोंदयंत्रे दोन खोल्यांवर बांधून ठेवा: एक ओहोटीच्या किमान पातळीखाली दोन मीटर, दुसरे तळाच्या दोन मीटर वर. दर दहा मिनिटांनी नोंद पुरते.

इथे खरा शत्रू शेवाळ आणि बारनॅकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव). या कोमट पाण्यात काही आठवड्यांतच संवेदकावर थर बसतो. तापमानाच्या नोंदीला फारसे काही होत नाही, पण वाहकतेच्या नळीचा आतला मार्ग अरुंद होत जातो आणि क्षारता हळूहळू, रोज थोडी, खाली घसरत जाते. आलेख पाहिला की पावसाचा परिणाम वाटावा इतका तो स्वाभाविक दिसतो. ओळखायची खूण अशी: खरा पाऊस किंवा ओहोळ आला तर क्षारता काही तासांत पडते, ओहोटीला जास्त आणि भरतीला कमी पडते. शेवाळाची घसरण भरती-ओहोटी दोन्हीला सारखीच असते. यंत्र बाहेर काढल्यावर लगेच घासू नका. आधी ताज्या समुद्रजलाच्या बादलीत ठेवून आकडा घ्या, मग सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ करा आणि त्याच बादलीत पुन्हा घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे शेवटच्या दिवसाची चूक. ती मागे जाताना कमी-कमी करत नोंदीतून वजा होते. साफ करण्याआधीचा आकडा घेतला नाही, तर पूर्ण पावसाळ्याची क्षारता दुरुस्त करता येत नाही.

आकड्यांवरून थर ओळखणे

थर ठरवते ती घनता. २८ अंशांच्या आसपास एक अंश तापमान वाढले की घनमीटरमागे घनता सुमारे ०.३३ किलोने घटते. क्षारता एका एककाने वाढली की सुमारे ०.७५ किलोने वाढते. म्हणजे उन्हाळ्यात एक एकक क्षारता ही सव्वादोन अंशांच्या तोडीची असते. हिवाळ्यात, २० अंशांवर, तापमानाचा परिणाम ०.२६ वर येतो आणि तेच एकक जवळजवळ तीन अंशांच्या बरोबरीचे होते. प्रत्यक्ष गणितासाठी टीईओएस-१० या प्रमाण समीकरणांची मोफत साधने पायथन आणि आर या दोन्ही भाषांत मिळतात. त्यांतली ‘निरपेक्ष क्षारता’ मोजलेल्या क्षारतेहून थोडी मोठी असते, ३५ला ३५.१६५. नोंदवहीत मात्र मोजलेली व्यावहारिक क्षारताच साठवा.

खोल समुद्रात घनतेत ०.०३ किलोचा फरक पडला की मिश्र थर, म्हणजे वरचे एकसारखे ढवळलेले पाणी, संपला असे धरतात. हातातल्या मापकाने ही कसोटी लावू नका. तापमानात ०.१ अंशाची चूक असेल तर तिच्यामुळे क्षारतेत साधारण ०.०८ची चूक येते, आणि तेवढ्याने घनता ०.०६ने हलते. दोन मीटरच्या तुलनेत ०.१ किलोहून जास्त फरक सलग दोन-तीन खोल्यांवर दिसला तरच थर आहे असे लिहा. खाली हलके आणि वर जड पाणी दिसले तर बहुतेक वेळा दोष संवेदकांचा असतो. तापमान आणि वाहकता यांचे संवेदक वेगवेगळ्या वेगाने प्रतिसाद देतात, त्यामुळे तीव्र बदलाच्या खोलीवर क्षारतेत खोटे टोक उठते.

थर बनू शकतील का, हे आधीच अजमावता येते. खोलीला प्रवाहाच्या वेगाच्या घनाने भागा, मीटर आणि सेकंदांत. वेग नेहमीच्या भरतीचा आणि पूर्ण खोलीच्या सरासरीचा घ्या. ही कसोटी सिम्प्सन आणि हंटर यांनी १९७४ मध्ये आयरिश समुद्रासाठी मांडली. उत्तर शंभराच्या आसपास किंवा खाली आले तर पाणी ढवळलेले, हजाराच्या वर गेले तर उन्हाने थर बनायला वाव. मुखाशी ५० मीटर खोली आणि ०.७७ मीटर वेग धरला तर उत्तर ११० येते. भांगात वेग निम्मा झाला की घनामुळे ते आठपट होऊन ८८० वर जाते. त्याच जागी एका आठवड्यात चित्र पालटते ते असे. ही कसोटी फक्त उन्हाच्या उष्णतेची आहे. क्षारतेने बनणारे थर तिच्यात येत नाहीत.

वर्षाचा क्रम

डिसेंबर ते फेब्रुवारी: उत्तरेचा कोरडा वारा. उथळ टोक मुखापेक्षा लवकर थंड होते, पाणी २० अंशांच्या आसपास येते. समजा मुखाशी २३ अंश व ३६ आणि टोकाला १९ अंश व ३९ असेल, तर टोकाचे पाणी घनमीटरमागे तीन किलोहून जास्त जड झाले. थंडी आणि खारेपणा दोघेही एकाच दिशेला ढकलतात. हे जड पाणी तळाने बाहेर सरकू पाहते. भांगात तळाजवळच्या बाटलीत ते शोधा.

मार्च ते जून: पाणी ३० अंशांकडे चढते आणि आता टोक मुखापेक्षा गरम. उष्णता घनता घटवते, बाष्पीभवन ती वाढवते. टोक दोन अंशांनी गरम आणि साडेतीन एककांनी खारे धरले तरी ते दोन किलोने जडच राहते. नुसत्या तापमानावरून थर सांगणारे या ऋतूत हमखास चुकतात.

जुलै-सप्टेंबरात मोसमी वाऱ्याने बाहेरचा अरबी समुद्र ढवळून थंड होतो आणि मुखाचे तापमान उतरते. जोरदार पाऊस झाला तर खाड्यांत गोड्या पाण्याचा पातळ थर काही दिवस राहतो. ऑक्टोबरमध्ये वारा पडतो, पाणी पुन्हा तापते. मुखाशी भांगातल्या थरांसाठी हा चांगला महिना आहे, तेव्हाची फेरी चुकवू नका.

हीच पद्धत दुसरीकडे नेताना

खंभातच्या आखातात भरती दहा मीटरपर्यंत जाते आणि पाणी गाळाने भरलेले असते. तिथे नळी प्रत्येक ठिकाणानंतर धुवावी लागते, शिवाय नर्मदा-तापीच्या पुरामुळे पावसाळ्यात क्षारता खूप खाली येते. तांबड्या समुद्राच्या उत्तरेचे अकाबाचे आखात अगदी दुसऱ्या टोकाला: १८०० मीटरहून खोल, भरती जेमतेम. तिथे उन्हाळ्यात वरचे पाणी २७ अंशांच्या आसपास आणि खोलवर २१ अंशांच्या जवळचे, हिवाळ्यात शेकडो मीटर एकजीव. पिनातुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकानंतरच्या थंड हिवाळ्यात, १९९२ मध्ये, हे मिसळणे ८५० मीटरच्या खाली गेले. पोषक द्रव्ये वर आली, शैवाल माजले आणि प्रवाळ त्याखाली गुदमरले. तिथे भरतीचा टप्पा गौण, मोजणीची खोली महत्त्वाची.

गोव्याचा किनारा आखात नाही, पण कच्छमध्ये शिकलेल्या माणसाने तिथे सावध असावे. पावसाळ्यात मांडवी-झुवारी नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी वर पाच-दहा मीटरचा थर धरते, खाली खोल समुद्रातून वर आलेले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी. कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून याची नोंद ठेवते. तिथे दर मीटरला आकडा घ्या, दोन मीटरच्या टप्प्यात थराची धार निसटते. निस्किन बाटली वर आली की पहिला नमुना प्राणवायूचा काढा, नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन, बुडबुडा न येऊ देता. क्षारतेचा नमुना सर्वांत शेवटी.